ग्राहक, वापरकर्ता आणि स्प्रिंट : ॲजाइल विकासपद्धतीत वापरकर्ताकेंद्री डिझाइनच्या समावेशाची चिकित्सा

प्रस्तावना

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या क्षेत्रात ‘ॲजाइल’ या नावाने रूढ झालेल्या विकासपद्धती आणि ‘वापरकर्ताकेंद्री डिझाइन’ ही विचारधारा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न गेली सुमारे पंचवीस वर्षे चर्चेत आहे. या विषयावरील लेखन आता विपुल झाले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साहित्य-सर्वेक्षणात ८३ लेखांचा परामर्श घेण्यात आला होता, आणि त्यानंतरही या लेखनात भर पडतच राहिली आहे. परंतु हे लेखन लक्षपूर्वक वाचले असता त्यातील बहुसंख्य अभ्यासकांनी हा प्रश्न मुख्यतः वेळापत्रकाचा मानल्याचे दिसते. डिझाइनकाराने प्रोग्रॅमरच्या किती आठवडे पुढे असावे, चाचण्या कोणत्या आवर्तनात घ्याव्यात, चित्रे किती आणि कागद किती, अशा स्वरूपाची ही चर्चा आहे.

ही चर्चा निरर्थक नाही. पण ती अपुरी आहे. एखादे काम ‘पूर्ण झाले’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा या समावेशातील मूळ प्रश्न होय. प्रणाली विकत घेणारा आणि ती प्रत्यक्ष वापरणारा या दोन व्यक्ती भिन्न असतात तेव्हा हा प्रश्न तीव्र होतो, आणि नेमक्या याच ठिकाणी उपलब्ध साहित्य मौन पाळते. महाविद्यालयीन वर्तुळाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. प्रवेशाची, परीक्षेची, गुणनोंदीची किंवा शिष्यवृत्तीची प्रणाली निवडणारी समिती वेगळी असते. रात्री अकरा वाजता त्या प्रणालीसमोर बसलेला लिपिक, प्राध्यापक किंवा विद्यार्थी वेगळा असतो. त्याला ती प्रणाली नाकारता येत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने ॲजाइल आणि वापरकर्ताकेंद्री डिझाइन यांच्या संबंधाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे.

दोन परंपरा

वापरकर्ताकेंद्री डिझाइनची परंपरा ॲजाइलपेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या संशोधन केंद्रातील जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वे मांडली. वापरकर्ते व त्यांची कामे यांच्याकडे प्रारंभापासून लक्ष देणे, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप करणे आणि त्या आधारे पुनःपुन्हा रचना सुधारणे, ही ती तत्त्वे होत. ही तत्त्वे इतकी उघड वाटतात की ती सांगण्याची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. म्हणून या लेखकद्वयाने प्रणाली घडवणाऱ्या मंडळींनाच त्यांची कार्यपद्धती लिहून देण्यास सांगितले. तिन्ही तत्त्वांचा उल्लेख करणारे त्यांत अल्पसंख्य निघाले. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे ‘वापरकर्ताकेंद्री’ हे विशेषण प्रचारात आले, आणि १९९९ मध्ये आयएसओ १३४०७ या मानकाने त्याला संस्थात्मक प्रतिष्ठा दिली. त्या मानकाची जागा २०१० मध्ये आयएसओ ९२४१-२१० ने घेतली.

ॲजाइलची परंपरा प्रोग्रॅमरांच्या असमाधानातून जन्मली. गरजा, आराखडा, आज्ञावली, चाचणी असे टप्पे एकामागून एक पार करणाऱ्या ‘धबधबा’ पद्धतीचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाला दिले जाते. वास्तविक रॉइस यांनी ही सरळसोट पद्धत धोक्याची असल्याचेच त्या निबंधात म्हटले होते. मूळ लेख न वाचता त्याचा हवाला देण्याची प्रथा मानव्यविद्यांपुरती मर्यादित नाही, एवढे यावरून दिसते. या पद्धतीविरुद्धच्या बंडाचे एक रूप म्हणजे केंट बेक यांची ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ पद्धती. तिच्यात ग्राहकाचा प्रतिनिधी प्रोग्रॅमरांच्या खोलीतच बसलेला असावा अशी अपेक्षा होती. त्याला विचारावे, तो सांगेल तसे करावे, थोडे करून दाखवावे, पुन्हा विचारावे.

पुनरावृत्ती दोन्ही परंपरांत आहे. म्हणूनच हे दोन प्रवाह सहज एकत्र येतील असे अनेकांना वाटले. परंतु पहिल्या परंपरेत पुनरावृत्ती होते ती वापराच्या निरीक्षणानंतर, आणि दुसरीत ग्राहकाच्या होकार-नकारानंतर. बाह्य साम्यामुळे हा भेद झाकला गेला.

जाहीरनाम्यातील एक अनुपस्थिती

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड या ठिकाणी १७ जण एकत्र आले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा तयार केला. चार मूल्ये आणि बारा तत्त्वे एवढाच त्याचा विस्तार. हे १७ जण प्रोग्रॅमिंग आणि विकासपद्धती यांतील जाणकार होते. वापरकर्त्यांचा अभ्यास हा ज्याचा मुख्य व्यवसाय, असा त्यांत कोणी नव्हता.

एखाद्या साहित्यकृतीचे करावे तसे या छोट्या संहितेचे वाचन केले तर एक गोष्ट नजरेत भरते. करारावरील घासाघिशीपेक्षा सहकार्य मोलाचे मानणाऱ्या मूल्यात उल्लेख आहे तो ग्राहकाचा. पहिल्या तत्त्वात सर्वोच्च प्राधान्य दिले आहे ते ग्राहकाच्या समाधानाला. बदलत्या गरजांचे स्वागत करावयाचे तेही ग्राहकाला स्पर्धेत लाभ व्हावा म्हणून. रोज एकत्र काम करावयाचे ते व्यवसाय पाहणाऱ्यांनी आणि विकसकांनी. ‘वापरकर्ता’ हा शब्द बारा तत्त्वांत एकदाच येतो, तोही आठव्या तत्त्वात. प्रायोजक, विकसक आणि वापरकर्ते या सर्वांना कामाची एकच गती दीर्घकाळ टिकवता यावी, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. म्हणजे वापरकर्ता येतो तो गतीच्या संदर्भात. त्याला काय जमते, काय जमत नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी संहिता काही सांगत नाही. प्रगतीचे प्रमुख माप ‘चालणारे सॉफ्टवेअर’ हे ठरवले आहे. ‘चालणारे’ आणि ‘वापरता येणारे’ यांतील अंतर या संहितेला जाणवलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. जाहीरनामा हा जाहीरनामा असतो. त्यात सर्वच येईल अशी अपेक्षा का करावी? आक्षेप रास्त आहे. परंतु पुढे जी संस्थात्मक रूपे घडली त्यांतही ही अनुपस्थिती भरून निघाली नाही. स्क्रम या सर्वाधिक प्रचलित पद्धतीच्या मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत ‘प्रॉडक्ट ओनर’, ‘स्क्रम मास्टर’ आणि ‘डेव्हलपर’ अशा तीनच जबाबदाऱ्या आहेत. डिझाइनकाराला आणि वापर-संशोधकाला ‘डेव्हलपर’ या शब्दातच सामावून घेतले जाते. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार प्रॉडक्ट ओनर या एका व्यक्तीकडे आहे. ही व्यक्ती सामान्यतः पैसा आणि उद्दिष्टे यांना उत्तरदायी असते. तिच्या अंगी वापरकर्त्यांविषयी आस्था असेल तर उत्तम. नसेल तर पद्धतीत त्यावर उपाय नाही.

बेक आणि कूपर

या विसंवादाला पहिल्यांदा स्पष्ट शब्दरूप मिळाले ते २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या केंट बेक आणि ॲलन कूपर यांच्या संयुक्त मुलाखतीत. कूपर हे परस्परक्रिया-डिझाइनचे पुरस्कर्ते. १९९९ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी प्रातिनिधिक वापरकर्त्याचे कल्पित व्यक्तिचित्र रेखाटण्याची पद्धत मांडली होती. आज्ञावली एकदा लिहिली की ती काँक्रीटप्रमाणे घट्ट होते, तेव्हा ओतण्यापूर्वीच आकार ठरवा, असे त्यांचे म्हणणे. बेक यांना हे रूपकच मान्य नव्हते. योग्य रीतीने लिहिलेली आज्ञावली बदलणे स्वस्त ठेवता येते, आणि सर्व निर्णय एका डिझाइनकाराच्या हाती दिले तर तोच अडथळा होऊन बसतो, असे त्यांनी सुनावले.

या वादात दोघांचेही अर्धे म्हणणे बरोबर होते, असा निर्वाळा पुढील अभ्यासक देतात. तो सोयीचा आहे, पण वादाचा गाभा त्यातून निसटतो. आज्ञावली बदलणे स्वस्त झाले हे बेक यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे ठरले. न बदललेली राहिली ती वापरकर्त्याची सवय. एका पडद्यावरची बटणे पुढच्या पंधरवड्यात हलवणे प्रोग्रॅमरला अर्ध्या दिवसाचे काम असेल. त्या पडद्यावर रोज दोनशे नोंदी करणाऱ्याच्या बोटांना मात्र ती नव्याने शिकावी लागतात. बदलाची किंमत शून्यावर आली नाही, ती फक्त दुसऱ्याच्या खात्यावर गेली. कूपर यांनी हा मुद्दा पुढे रेटला असता तर वादाला वेगळे वळण मिळाले असते. पण तेही विकसकाच्या खर्चाचाच हिशेब मांडत राहिले. पुढे २००८ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या ॲजाइल परिषदेत कूपर यांनी बीजभाषण केले, ही घटना दोन्ही पक्षांच्या समेटाची खूण मानली जाते.

टोरांटोचा प्रयोग

समेटाचे शास्त्र याच शहरात घडले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. टोरांटो येथील एलियस या कंपनीत (२००६ मध्ये ती ऑटोडेस्कने विकत घेतली) लिन मिलर आणि डेझिरे साय यांनी समांतर मार्गांची पद्धत विकसित केली. मिलर यांनी २००५ मध्ये स्केचबुक प्रो या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या आधारे तिची मांडणी केली. साय यांचा २००७ चा लेख तिचे अधिक विस्तृत विवेचन करतो. या दोन लेखांचे ऋण नंतरच्या जवळजवळ प्रत्येक लेखकाने मान्य केले आहे, आणि ते योग्यच आहे.

पद्धत थोडक्यात अशी. दोन ते चार आठवड्यांच्या आवर्तनांत काम चालते. विकसक चालू आवर्तनात आज्ञावली लिहीत असतात, त्याच वेळी डिझाइनकार पुढील आवर्तनाचे डिझाइन नमुने करून तपासत असतात, त्याच्याही पुढच्या आवर्तनासाठी वापरकर्त्यांकडून माहिती गोळा करत असतात आणि मागील आवर्तनात तयार झालेल्या भागाची वापर-चाचणी घेत असतात. मग अगदी पहिल्या आवर्तनात विकसकांनी काय करायचे? तर ज्यांत तांत्रिक कष्ट पुष्कळ पण पडद्याचा भाग अल्प आहे अशी कामे. तोवर डिझाइनकारांना उसंत मिळते. साय यांचा आणखी एक मोलाचा विचार म्हणजे डिझाइनचे लहान तुकडे पाडणे. मोठ्या रचनेचे असे भाग करावयाचे की प्रत्येक भाग एका आवर्तनात तपासता येईल, आणि तरी आधीचा भाग पुढच्याच्या आड येणार नाही. हे बोलण्याइतके सोपे नाही. वास्तुरचनाकाराला जिना आधी आणि मजला नंतर बांधण्यास सांगण्यासारखे ते आहे. साय यांनी या अडचणीची चर्चा प्रामाणिकपणे केली आहे, आणि अहवाल लिहिण्याऐवजी विकसकांशी रोजच्या रोज तोंडी बोलण्याचा त्यांचा आग्रहही अनुभवातून आलेला आहे.

या पद्धतीचे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते कोणत्या परिस्थितीत लाभले हे पाहणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. चित्रकलेचे सॉफ्टवेअर चित्रकार वापरतो आणि बहुधा त्याची निवडही तोच करतो. ते हाताला रुचले नाही तर तो दुसरे घेतो. म्हणजे येथे ग्राहक आणि वापरकर्ता ही बव्हंशी एकच व्यक्ती आहे, आणि तिच्यापाशी नकाराधिकार आहे. कंपनी स्वतःचे उत्पादन विकत असल्याने वापर-चाचणीतील अपयश म्हणजे पुढील विक्रीतील तोटा, हे व्यवस्थापनाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. अधिकाराचा प्रश्न बाजाराने आधीच सोडवलेला होता. उरला होता तो केवळ वेळापत्रकाचा, आणि तो मिलर व साय यांनी सुरेख सोडवला. पुढील अभ्यासकांनी उचलले ते नुसते वेळापत्रक. नकाराधिकाराची अट गृहीत होती, लिहिलेली नव्हती. त्यामुळे ती मागेच राहिली.

परिणामी ‘एक आवर्तन पुढे’ हे सूत्र जेथे वापरकर्त्याला निवडच नाही अशा ठिकाणीही लागू झाले. तेथे त्याचे रूप पालटते. डिझाइनकार एक आवर्तन पुढे राहून चित्रे पुरवतो, विकसक ती बांधतात. मागील आवर्तनाच्या चाचणीत काही चुकले असे आढळले, तर ती दुरुस्ती यादीत टाकली जाते आणि नव्या वैशिष्ट्यांच्या खाली दबत जाते. प्रॉडक्ट ओनरला नवे वैशिष्ट्य दाखवता येते, दुरुस्ती दाखवता येत नाही. तीन स्तंभांचा तक्ता भिंतीवर दिमाखात असतो. वापरकर्ता मात्र जेथे होता तेथेच असतो.

‘मी’ कोण?

ॲजाइलच्या समर्थकांचे यावरील उत्तर ठरलेले आहे. वापरकर्ता अनुपस्थित नाही, तो ‘वापरकर्ता-कथे’त आहे, असे ते सांगतात. ही कथा म्हणजे एका पत्त्यावर मावेल एवढे वाक्य असते. ‘विद्यार्थी म्हणून मला माझा अर्ज कोठे आहे ते पाहायचे आहे, म्हणजे मला कार्यालयात खेटे घालावे लागणार नाहीत,’ असा तिचा साचा. जेफ पॅटन यांनी २०१४ च्या ग्रंथात या सुट्या पत्त्यांची ओळीने मांडणी करून पूर्ण प्रवास डोळ्यांसमोर उभा करण्याची रीत सांगितली, आणि कथा हे मूलतः संभाषणाचे निमित्त आहे, याची आठवण करून दिली. ती आवश्यक होती. कारण व्यवहारात हे वाक्य लिहितो तो विश्लेषक; त्यातील ‘मी’ने ते वाचलेलेही नसते.

मराठी वाचकाला येथे एक ओळखीचा प्रश्न भेटतो. अनुभव कोणाचा आणि प्रथमपुरुषी बोलतो कोण, या प्रश्नाने दलित आत्मकथनांनंतरची मराठी समीक्षा घडवली आहे. परकायाप्रवेश करून लिहिलेले ‘मी’ आणि भोगलेले ‘मी’ यांतील भेद तिने वाचकाला शिकवला. तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. अर्जाचा पडदा म्हणजे जीवनानुभव नव्हे. तथापि दुसऱ्याच्या वतीने लिहिलेल्या ‘मी’मध्ये एक गोष्ट हमखास गळते, आणि ती म्हणजे लिहिणाऱ्याला न सुचणारी अडचण. वर उदाहरणादाखल घेतलेल्या वाक्यातील विद्यार्थ्याचा मोबाइल वडिलांजवळ असतो आणि सांकेतिक क्रमांक त्या मोबाइलवर येतो, हे कोणत्या पत्त्यावर येणार? ते निरीक्षणातूनच कळते. याच कारणाने जॅरेड स्पूल यांनी २०११ मध्ये असे सुचवले की, संघातील प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास वापरकर्त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहावे. प्रोग्रॅमरने आणि व्यवस्थापकानेसुद्धा. या क्षेत्रातील उपायांत इतका साधा आणि इतका टाळला जाणारा उपाय दुसरा क्वचितच असेल.

गॉथेल्फ आणि सायडन यांच्या ‘लीन यूएक्स’ (२०१३) या पुस्तकाने पत्त्याच्या जागी गृहीतक आणले. अमुक बदल केला तर तमुक परिणाम दिसेल असे म्हणावे, बदल करावा आणि मोजावे. आकड्यांची भाषा व्यवस्थापनाला कळते, हा या मांडणीचा लाभ. पण सक्तीच्या प्रणालीत वापराचे आकडे फसवे असतात. ज्याला अर्ज भरावाच लागतो तो चार वेळा अडखळूनही भरतो, आणि आकडेवारीत तो यशस्वी ठरतो.

ब्रिटनचे उदाहरण

निवड नसलेल्या वापरकर्त्यांसाठी ही सांगड घालण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न ब्रिटिश शासनाने केला. २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस हा विभाग स्थापन झाला, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ सुरू झाले, आणि एप्रिल २०१४ पासून नव्या सेवांना २६ मुद्द्यांचे मानक लागू झाले. वापरकर्त्यांच्या गरजा समजून घेणे हा त्यातील पहिला मुद्दा. संघात वापर-संशोधक कायम असावा, शोध, प्राथमिक नमुना, चाचणी-आवृत्ती आणि प्रत्यक्ष सेवा हे टप्पे असावेत, आणि टप्पा ओलांडण्यापूर्वी मूल्यमापन व्हावे, अशी ती व्यवस्था होती. येथे प्रथमच ‘झाले’ म्हणण्याच्या अधिकाराचा काही अंश संघाबाहेरच्या, वापराच्या बाजूने बोलणाऱ्या यंत्रणेकडे गेला. हे ॲजाइलच्या मूळ संहितेत नव्हते. ही खरी भर होती.

तिची मर्यादाही याच विभागाच्या कामातून दिसली. नागरिकाने स्वतःची ओळख ऑनलाइन पटवावी यासाठी याच विभागाने ‘व्हेरिफाय’ ही सेवा उभारली. २०१६ मध्ये ती औपचारिकपणे सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आपला अहवाल दिला. ९० टक्के लोकांची ओळख पटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ४८ टक्के प्रयत्न यशस्वी होत होते. २०२० पर्यंत अडीच कोटी वापरकर्ते अपेक्षित होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते ३६ लाख होते. युनिव्हर्सल क्रेडिट हा सामाजिक साहाय्याचा लाभ मागणाऱ्यांपैकी तर केवळ ३८ टक्क्यांनाच या मार्गाने ओळख पटवता आली. २०२३ मध्ये ही सेवा बंद झाली.

हे आकडे डिझाइनकारांच्या अकौशल्याचे निदर्शक नाहीत. पडदे साधे करणे त्यांच्या हाती होते. ओळख कशाच्या आधारे पटवायची हे नव्हते. ती पटवली जाई पारपत्र, वाहन-परवाना आणि पतविषयक नोंदी यांच्या आधारे, खासगी कंपन्यांमार्फत. ज्याच्याजवळ पारपत्र नाही, परवाना नाही आणि ज्याने कधी कर्ज घेतले नाही, अशा माणसासाठी कितीही आवर्तने केली तरी पडद्यात सुधारणा करून मार्ग निघत नाही. आणि सामाजिक साहाय्य मागणाऱ्यांत नेमका असा माणूस अधिक सापडतो. स्प्रिंटच्या चौकटीत शिरण्यापूर्वीच धोरणाने जे ठरवलेले असते, तेथवर वापरकर्त्याची अडचण पोहोचवण्याचा रस्ता या व्यवस्थेत असूनही अपुरा पडला.

युनिव्हर्सल क्रेडिटची स्वतःची कथाही याच जातीची आहे. २०१३ च्या सप्टेंबरमधील अहवालात लेखापरीक्षकांनी नोंदवले की संबंधित खाते ॲजाइल पद्धत जुन्या करारांच्या आणि जुन्या नियंत्रणांच्या आतच राबवू पाहत होते. तोवर ३ कोटी ४० लाख पौंडांचे संगणकीय काम निकालात काढावे लागले होते.

कंत्राटी विकास आणि आपल्याकडील पुरावा

करारांचा उल्लेख आला की चर्चा आपोआप भारताकडे वळते. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील सॉफ्टवेअर-व्यवसायाचा मोठा भाग हा दुसऱ्यासाठी कंत्राटाने करावयाच्या कामाचा आहे. येथे डिझाइनकार आणि वापरकर्ता यांच्यामध्ये पुष्कळदा एक समुद्र आणि दोन कंपन्या असतात. टोरांटोचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नाही, असे कोणीही म्हणेल.

म्हणूनच मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अनिरुद्ध जोशी यांनी एन. एल. सरडा आणि संजय त्रिपाठी यांच्यासह २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन विशेष महत्त्वाचे ठरते. या संस्थेत १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचे केंद्र आहे. देवनागरीच्या व्यंजन-स्वर रचनेवर बेतलेला ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलकही जोशी यांच्याच गटाचा. या संशोधनात दोन मापे मांडली आहेत. प्रणालीने वापरसुलभतेची ठरवलेली उद्दिष्टे किती गाठली हे एक, आणि विकासप्रक्रियेत वापरकर्ताकेंद्री कामे किती मिसळली गेली हे दुसरे. ६१ औद्योगिक प्रकल्पांवर ही मापे लावली असता दोहोंचा परस्परसंबंध चांगला आढळला. मिसळण्याचा हा परिणाम धबधबा पद्धतीपेक्षा ॲजाइल प्रकल्पांत काहीसा अधिक होता, आणि स्वतःची उत्पादने करणाऱ्या कंपन्यांपेक्षा कंत्राटी सेवा-प्रकल्पांतही काहीसा अधिक होता.

दुसरा निष्कर्ष रूढ समजुतीला छेद देतो. कंत्राटी कामात वापरकर्त्यांचा विचार परवडत नाही, असे सामान्यतः ऐकू येते. येथे तर त्याच ठिकाणी त्याचे फळ अधिक दिसते. याचा एक संभाव्य अर्थ असा की, उत्पादन-कंपनीत वापरकर्त्यांविषयीचे काही ज्ञान वर्षानुवर्षांच्या सहवासाने मुरलेले असते. कंत्राटी संघ कोरा असतो, म्हणून प्रत्येक निरीक्षणाची भर मोठी पडते. अर्थात सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जो ग्राहक अशा कामांना वेळ आणि पैसा देतो तो इतर बाबतींतही जागरूक असण्याचा संभव आहे, आणि यशाचा काही वाटा त्या जागरूकतेचा असू शकतो. हा आक्षेप मान्य करूनही उद्दिष्टे आकड्यांत आधी लिहून ठेवण्याची या संशोधनातील कल्पना मोलाची राहते. ‘प्रथमच बसलेल्या दहा लिपिकांपैकी नऊ जणांना मदतीशिवाय गुणनोंद पूर्ण करता यावी’ असे वाक्य करारात असेल, तर ‘झाले’ म्हणण्याचा अधिकार काही अंशी त्या दहा जणांकडे जातो.

आज कंत्राटांत ज्या टप्प्याला ‘वापरकर्ता स्वीकृती चाचणी’ म्हणतात तिचे नाव मात्र फसवे आहे. ती चाचणी मान्य झाल्याची सही करतो तो खरेदीदार संस्थेचा अधिकारी. तो गरजांच्या यादीशी प्रणाली ताडून पाहतो, आणि यादीतील प्रत्येक ओळीसमोर खूण पडली की देयकाचा हप्ता सुटतो. कोणी अडखळले का, हा स्तंभ त्या तक्त्यात नसतो. पंधरा दिवसांच्या स्प्रिंटने विकसित केलेली प्रणालीही शेवटी याच तक्त्यातून जाते, आणि आतली सारी चपळाई तेथे येऊन थांबते.

हा स्तंभ घालण्यातील व्यावहारिक अडचण तांत्रिक नाही. दहा लिपिकांना चाचणीसाठी बसवायचे तर त्यांना त्या दिवशीच्या कामातून मोकळे करावे लागते, आणि परीक्षा-प्रणालीची चाचणी परीक्षेच्या हंगामातच अर्थपूर्ण होते. टोरांटोच्या कंपनीला आपल्या चित्रकारांना बोलावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. येथे ती परवानगी द्यायची असते ती विभागप्रमुखाने किंवा कुलसचिवांनी, म्हणजे बहुधा ज्यांनी प्रणाली निवडली आणि जे तिच्या गरजांची यादी ठरवतात त्यांनीच.